त्याच माणसाला पुन्हा भेटायला हवे



 आपल्या मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेचा अध्यक्ष म्हणून आजचा वेळ मी एकाच आग्रहासाठी वापरणार आहे.

आपल्याकडे वैकासिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम गर्भावस्थेपासून सुरू होतो, बाल्यावस्थेत रमतो आणि किशोरावस्था संपली की घाईला येतो. पुढची पन्नास-साठ वर्षे शेवटच्या एक-दोन प्रकरणांत उरकली जातात. विद्यार्थी ती ऑप्शनला टाकतात आणि आपणही फारसे अडवत नाही. त्यातून नकळत एक समजूत पक्की होते: माणूस विशीपर्यंत घडतो, मग काही वर्षे तसाच राहतो आणि साठीनंतर खचत जातो. या समजुतीला शास्त्राचा आधार नाही.

बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेतील पॉल बाल्टेस यांनी 1987 साली एका लेखात या विषयाची मूलतत्त्वे एकत्र मांडली. विकास आयुष्यभर चालतो, हे त्यांतले पहिले. मला मात्र त्यांचे आणखी एक म्हणणे अधिक मोलाचे वाटते. कोणत्याही वयात मिळकत आणि हानी जोडीनेच चालतात. तान्हे मूल भोवतीच्या भाषेत मुरत जाते, तसतसे परक्या भाषांतले बारीक ध्वनिभेद ओळखणे त्याला अवघड होत जाते. म्हणजे हानी म्हातारपणी सुरू होत नाही, ती पाळण्यातही असते. आणि मिळकत म्हातारपणीही थांबत नाही. बदलत जाते ते दोन्हींचे प्रमाण.

या प्रमाणाशी माणूस कसा जुळवून घेतो, हे सांगताना बाल्टेस पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन यांचा दाखला देत. ऐंशी वर्षांचे झाल्यावरही इतके उत्तम कसे वाजवता, असे विचारल्यावर रुबिनस्टाइन यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. मोजक्याच रचना निवडायच्या, त्यांचा रियाज वाढवायचा आणि जलद भाग येण्याआधी लय मुद्दाम थोडी खाली आणायची, म्हणजे पुढची गती ऐकणाऱ्याला अधिक वाटते. निवड, वृद्धी आणि भरपाई असे हे सूत्र आहे. वय झालेले आपले गवई पट्टी उतरवतात, निवडक राग गातात आणि बंदिशीचा विस्तार असा करतात की दमसास कमी पडल्याचे जाणवू नये. तेही हेच करतात. वृद्धांचे समुपदेशन करणाऱ्यांनी हे सूत्र हाताशी ठेवावे. ‘आता आराम करा’ या सल्ल्यात या तिन्हींपैकी काहीच नाही.

आता ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीकडे येतो. ही म्हण दीर्घकाळ शास्त्रातही वावरत होती, आणि तिला बळ मिळाले ते अभ्यासपद्धतीतल्या एका दोषातून. पंचविशीच्या आणि सत्तरीच्या माणसांना एकाच दिवशी चाचणी दिली, सत्तरीवाल्यांना कमी गुण पडले, निष्कर्ष निघाला की वयाने बुद्धी घटते. पण 1956 साली सत्तर वर्षांचा असलेला माणूस 1886 चा. त्याची शाळा, त्याचे पोषण, परीक्षांचा त्याचा सराव हे सारे 1931 साली जन्मलेल्या तरुणाहून वेगळे. आपण वय मोजत होतो की जन्मसाल?

के. वॉर्नर शाय यांनी हा गुंता सोडवायचा ठरवले. 1956 मध्ये अमेरिकेत सिएटल परिसरातल्या एका आरोग्य सहकारी संस्थेच्या पाचशे सभासदांपासून त्यांनी सुरुवात केली. दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा भेटायचे आणि प्रत्येक फेरीत नवी माणसेही घ्यायची, असा तो उपक्रम अनेक दशके चालला. बहुतेक क्षमतांमधली लक्षात येण्याजोगी घट साठीच्या आसपास किंवा त्यानंतरच सुरू होते, आणि तीही सर्वांमध्ये सारखी नसते, असे त्यातून दिसले. पुढे शाय आणि शेरी विलिस यांनी घट झालेल्या वृद्धांना पाच तासांचे प्रशिक्षण दिले. त्यांतले सुमारे 40 टक्के लोक चौदा वर्षांपूर्वीच्या आपल्याच पातळीवर परतले. केवळ पाच तासांचे हे प्रशिक्षण होते! आपल्या ज्येष्ठ नागरिक संघांत हा प्रयोग कुणीही करून पाहावा.

जन्मसालाचे महत्त्व सर्वांत हृद्य रीतीने दाखवले ते ग्लेन एल्डर यांनी. 1974 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी अमेरिकेतल्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा मागोवा घेतला. ओकलंडची मुले 1920-21 च्या सुमाराची, म्हणजे मंदीच्या तडाख्यात कुमारवयीन. वडिलांची कमाई घटली तेव्हा मुलगे बाहेर कामे करू लागले, मुलींनी घर उचलले. घराला आपली गरज आहे ही जाणीव त्यांतल्या अनेकांना पुढे बळ देणारी ठरली. नंतर एल्डर यांनी बर्कलीच्या 1928-29 मध्ये जन्मलेल्या मुलांकडे पाहिले. संकट तेच, पण ही मुले तेव्हा अगदी लहान, पूर्णपणे घरावर अवलंबून. त्रासलेल्या बापाच्या संतापापासून ती दूर जाऊ शकत नव्हती. त्यांतल्या मुलग्यांना अधिक सोसावे लागले. एकच घटना, पण ती कोणत्या वयात गाठते त्यावर आयुष्य वेगळे वळण घेते.

आता मुंबईचा विचार करा. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. त्या वेळी लालबाग-परळच्या चाळीत दोन वर्षांचे असलेले मूल आणि चौदा वर्षांचे असलेले मूल यांना तोच संप सारखा भेटला असेल का? गावी परत गेलेल्या कुटुंबातली मुले आणि मुंबईत राहिलेली मुले यांचे काय झाले? आज विचारले तर आठवणी मिळतील, आणि त्या जपायलाच हव्यात. पण माणूस आपला भूतकाळ आजच्या नजरेने पुन्हा रचत असतो. आठवण म्हणजे त्या त्या वेळी घेतलेली नोंद नव्हे.

अशी नोंद आपल्या मातीत ठेवता येते का, या शंकेला उत्तर पुण्याजवळच आहे. 1993 साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांची गर्भधारणेच्या आधीपासून नोंद ठेवायला सुरुवात केली. जन्मलेली बाळे सरासरी पावणेतीन किलोच्याही आत होती, पण त्या मानाने त्यांच्या अंगावर चरबी अधिक होती. आईच्या शरीरातले बी-12 जीवनसत्त्व आणि मुलांचे नवव्या वर्षीचे अवधान व स्मृती यांचा संबंधही पुढे तपासला गेला. ती मुले मोठी होईपर्यंत संशोधक त्यांना भेटत राहिले. हे काम डॉक्टरांनी उभे केले. आपण मानसशास्त्रज्ञांनी त्यातून धडा घ्यावा असे मला फार वाटते.

आणखी एका बाबतीत आपण सावध राहायला हवे. एरिक एरिकसन यांच्या आठ अवस्था आल्या की कुणीतरी उठून सांगते, आपल्या चार आश्रमांत हे होतेच. सुधीर कक्कर यांनी 1968 मध्येच ही तुलना गंभीरपणे केली आहे, ती वाचावी. पण आश्रमव्यवस्था हा द्विज पुरुषापुढे ठेवलेला आदर्श होता. स्त्रीचे आणि श्रमिकाचे प्रत्यक्ष आयुष्य त्यात सापडत नाही. एरिकसन 1962 मध्ये अहमदाबादला आले ते मानवी जीवनचक्रावरच्या चर्चासत्रासाठी, आणि तिथे गांधींच्या नेतृत्वाखाली झालेल्या 1918 च्या गिरणी संपाचे साक्षीदार त्यांना भेटले. गांधींवरच्या, त्यातून जन्मलेल्या ग्रंथात त्यांनी अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचा विकास तपासला. प्रौढपण हे घडण्याचेच वय आहे हे त्यांना भारतात येऊन इतक्या ठसठशीतपणे दाखवता आले, आणि आपण मात्र त्यांची किशोरावस्थाच तेवढी शिकवतो.

म्हणून माझा आग्रह असा. आपल्या परिषदेने एक जन्मगट निवडावा आणि त्याचा तीस वर्षे पाठपुरावा करण्याचे काम हाती घ्यावे. माझ्या डोळ्यांपुढे मराठवाड्यातली, दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणारी आणि आजीपाशी गावात मागे राहणारी मुले आहेत. एकाच गावातल्या, एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांची आयुष्ये दर हंगामात दोन वाटांनी जातात. त्यांच्याबरोबर त्या आजीचीही नोंद ठेवावी, कारण तिचाही विकास चालू आहे.

अडचणी मला ठाऊक आहेत. प्राध्यापकांच्या बदल्या होतात, ते निवृत्त होतात, अनुदान तीन वर्षांचे मिळते, पीएच.डी. झाली की विद्यार्थी जातात. म्हणून नोंदवही व्यक्तीची नको, परिषदेची हवी. पालकांची संमती घेतली तरी मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याला स्वतंत्रपणे विचारायला हवे, आणि त्याने नकार दिला तर त्याची माहिती काढून टाकायला हवी. जे हाती येईल ते दर फेरीनंतर गावात जाऊन मराठीत सांगायला हवे. आणि फेरीत एखादे मूल कुपोषित वा शाळाबाह्य आढळले, तर निष्कर्ष बिघडतील म्हणून मदत रोखायची नाही. आधी मदत करायची आणि ती केल्याची नोंद ठेवायची.

उद्याच्या कामकाजाच्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे. बीड, जालना, परभणी आणि अहिल्यानगर भागातल्या विभागप्रमुखांनी त्याआधी मला भेटावे. पहिल्या फेरीसाठी गावे कोणती घ्यायची आणि तिथल्या कोणत्या अंगणवाडी सेविकांना सोबत घ्यायचे, याची यादी आज संध्याकाळीच करायला बसू.