कार्यक्रम एका संध्याकाळचा, भाषा रोजची

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात, व्याख्यानमालेच्या तिसऱ्या दिवशी, सोसायटीच्या सभागृहात केलेलं भाषण. बोललेलं शक्यतो तसंच ठेवलं आहे.)



दरवर्षी मी या व्याख्यानमालेला तुमच्यासारखीच खाली खुर्चीत बसते. यंदा सचिवांनी गळ घातली, "मॅडम, शहरात हल्ली जपानी, कोरियन असे बरेच कार्यक्रम होतात. मुलं तिकडे धावतात. त्याबद्दल बोला, आणि त्या भाषा शिकवण्यात नोकरी आहे का तेही सांगा." मी होकार दिला त्याचं कारण मात्र वेगळंच आहे. दोन महिन्यांपूर्वी बी विंगमधल्या एका ताईंनी मला लिफ्टपाशी थांबवलं. त्यांची मुलगी बारावी झाली आहे. कोरियन मालिका बघून बघून ती कोरियन अक्षरं वाचायला शिकली आणि आता म्हणते, मला कोरियन शिकवायचं आहे. ताईंनी मला एकच विचारलं, "यात पोट भरेल का हो?" तेव्हा लिफ्ट आली आणि उत्तर राहून गेलं. ते आज देते. ताई समोरच बसल्या आहेत.

आधी थोडं आपल्या पुण्याबद्दल. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ओकायामा हे जपानमधलं शहर. तिथे कोराकुएन नावाची तीनशे वर्षांहून जुनी बाग आहे, तिच्या धर्तीवर आपली बाग केली आहे. पुलंचं नाव तिथे शोभतं, कारण 'पूर्वरंग'मधून मराठी वाचकाला त्यांनीच जपान दाखवला. चीनशी आपलं नातं त्याहून जुनं. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथली भाषा शिकले, तिथल्याच लोकांत काम करत राहिले आणि 1942 साली तिथेच गेले. तेव्हा हे पूर्वेचं वेड आजच्या पोरांनी काढलेलं नाही, मंडळी. आपल्याकडे ते जुनंच आहे.

पुण्यात जपानी शिकणारे इतके का, असं मला नेहमी विचारतात. चाकण, रांजणगावच्या कंपन्या आणि आयटी ही कारणं आहेतच. पण आणखी एक कारण वर्गात रोज दिसतं. मराठी माणसाला जपानी वाक्य परकं वाटत नाही. "मी पुण्याला जातो" याचं जपानी होतं, "वाताशी वा पुने नि इकिमासु." वाताशी म्हणजे मी, पुने नि म्हणजे पुण्याला, इकिमासु म्हणजे जातो. मधला 'वा' हा कोणाबद्दल बोलतोय ते दाखवणारा प्रत्यय. शब्दांचा क्रम तोच. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. प्रश्न विचारायचा तर शेवटी 'का' लावायचा. आपण म्हणतो, "येता का?" ते म्हणतात, "किमासु का?" वर्गात हे पहिल्यांदा सांगितलं की मुलं हसतात आणि भीती निम्मी पळते.

त्यांची वर्णमालासुद्धा आ, इ, उ, ए, ओ अशी सुरू होते आणि पुढे का, सा, ता, ना या क्रमाने चालते. संस्कृत शिकणाऱ्या बौद्ध भिक्षूंमुळे हा क्रम तिकडे गेला, असं अभ्यासक मानतात. आपल्याकडे छाती धडधडते, त्यांच्याकडे 'दोकी दोकी' होतं. आपल्याकडे भांडी चकचकीत, त्यांच्याकडे 'पिका पिका'. अर्थात कांजी नावाची चित्रलिपी आली की हसू मावळतं. ती बसायला वर्षं लागतात.

आता कार्यक्रमांकडे येते. जुलैत तानाबाता असतो. रंगीत कागदाच्या पट्टीवर इच्छा लिहून बांबूच्या फांदीला बांधायची. शरदातल्या पौर्णिमेला त्सुकिमी, म्हणजे चंद्र बघायचा. तांदळाच्या पिठाचे गोळे करून ठेवायचे. आपली कोजागरीच म्हणा, फक्त बहुधा एक महिना आधी, भाद्रपदात. त्यांनाही चंद्रावर ससाच दिसतो. आज गणपतीसमोर उभी आहे म्हणून सांगते, जपानमध्ये गणपतीही आहे. त्याला कांगितेन म्हणतात. त्याची मूर्ती सहसा भाविकांना दाखवत नाहीत, झाकून ठेवतात. तोक्योच्या आसाकुसा भागातल्या एका देवळात त्याला चक्क मुळा वाहतात.

बघा, टाळ्या आल्या! मला ठाऊकच होतं. गणपती आणि मुळा सांगितला की टाळ्या येतातच. आणि इथूनच माझं खरं बोलणं सुरू होतं.

काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या सांस्कृतिक महोत्सवात मला बोलावलं होतं. नाव सांगत नाही. ब्रशने जपानी अक्षरांत लोकांची नावं लिहून द्यायची. सकाळी नऊला बसले, संध्याकाळी सात वाजता उठले. रांग संपेना. शेवटी शाल, श्रीफळ आणि फोटो. मंडपवाल्याला पैसे मिळाले, ध्वनिवर्धकवाल्याला मिळाले, खुर्च्यांचं भाडं दिलं गेलं. रिक्षाचे पैसे मी घरून घातले. "मॅडम, तुमची तर आवड आहे ना!" असं वर ऐकून घेतलं. आवड आहेच हो. पण डॉक्टरांनाही डॉक्टरकीची आवड असते, म्हणून आपण त्यांना नारळ देऊन परत येतो का?

तरी त्या दिवसाला मी वाईट म्हणणार नाही. त्या रांगेतले चार जण पुढच्या आठवड्यात चौकशीला आले. एक टिकला. सातवीतला मुलगा होता, आज जपानमध्ये इंजिनियर आहे. कार्यक्रम दार उघडून देतो, मंडळी. आत रोज यावं लागतं.

आता नोकऱ्या. मुलांनी आणि पालकांनी नीट ऐका.

जपानीसाठी जेएलपीटी ही परीक्षा असते, जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. पुण्यातही केंद्र आहे. पाच पातळ्या आहेत. एन-5 सगळ्यात सोपी, एन-1 सगळ्यात अवघड. 2010 पूर्वी चारच होत्या, मी त्या वेळची. आम्ही 'मिन्ना नो निहोंगो' हे पुस्तक शिकवतो. त्याच्या पहिल्या भागात 25 धडे आहेत, योगायोगाने आपल्या सोसायटीच्या वयाइतके. ते नीट झाले की एन-5 देता येते. पुढचे 25 झाले की एन-4. बहुतेकजण इथे थांबतात आणि म्हणतात, "झालं शिकून." शिकवायचं असेल तर इथून सुरुवात होते. एन-2 तरी हवी, एन-1 असेल तर उत्तम.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते. या परीक्षेत बोलावं लागत नाही, लिहावंही लागत नाही. सगळे पर्यायी प्रश्न. वाचायचं, ऐकायचं, खूण करायची. म्हणजे प्रमाणपत्र हातात असलेला माणूस फोनवर गप्प बसू शकतो. शिकवणाऱ्याचं तसं चालत नाही. त्यामुळे प्रमाणपत्राबरोबर बोलण्याचा सराव धरा. कोरियनची टोपिक परीक्षा सहा पातळ्यांची, आणि तिचा निकाल दोनच वर्षं ग्राह्य धरतात. म्हणजे पुन्हा परीक्षा, पुन्हा फी.

शाळेत कायम जागा हवी तर पदवी लागते, बहुतेक ठिकाणी बी.एड.ही विचारतात. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक शाळेत शिकवता येतील अशा परकीय भाषांमध्ये जपानी आणि कोरियन या दोन्हींचा उल्लेख आहे. पण धोरणात नाव येणं आणि शाळेत जागा भरणं यांत अंतर असतं. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि नेट; नेटमध्ये जपानी आणि चिनी हे विषय आहेत. खासगी क्लास आणि कंपन्यांतले वर्ग बहुतेक तासावर चालतात. 2019 पासून जपानने कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला. त्याला साधारण एन-4 इतकी भाषा लागते, आणि 2021 साली भारताशी तसा करारही झाला. तिकडे जाणाऱ्या मुलामुलींना शिकवणारी माणसं लागतात. हे काम खरं आहे आणि वाढतं आहे.

मात्र तासावर पैसे म्हणजे काय, तेही समजून घ्या. एक तास शिकवायचा तर घरी निदान एक तास तयारी आणि वह्या तपासणं. त्याचे पैसे कोणी देत नाही. मे महिन्यात बॅच नाही, दिवाळीत नाही. बॅचमध्ये बाराऐवजी पाचच जण आले तर ती सुरूच होत नाही. कंपनीतल्या भाषांतरकाराला, दुभाष्याला महिन्याचा पगार असतो आणि तो सहसा आमच्यापेक्षा जास्त असतो. म्हणून माझे चांगले विद्यार्थी तिकडे गेले, शिकवायला थोडेच राहिले. त्यांना मी दोष देत नाही. मी स्वतः पहिली आठ वर्षं सकाळी भाषांतराची नोकरी आणि संध्याकाळी वर्ग, असं केलं. नुसत्या शिकवण्यावर घर चालायला मला जवळजवळ दहा वर्षं लागली. आणि त्यातही घरात दुसरा पगार होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

या दहा वर्षांत आपल्या सोसायटीचा वाटा आहे, तो आज सांगितलाच पाहिजे. 2003 साली मी माझ्या फ्लॅटमध्ये दोन बॅच घेत होते. पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये मुलांच्या सायकली, दुचाक्या. जिन्यात चपलांचा ढीग. वार्षिक सभेत विषय निघाला. हा धंदा आहे, मेंटेनन्स व्यापारी दराने घ्या, असं सांगण्यात आलं. मी त्या रात्री वर्ग बंद करायचं ठरवलं होतं. आक्षेप घेणारे काका आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि हसताहेत. काका, तुमचा पार्किंगचा मुद्दा बरोबरच होता. तेव्हा ए विंगमधले आपले नाना उभे राहिले. आयुष्य बँकेत गेलेला माणूस, हिशेबाचं बोलले. म्हणाले, "हॉल शनिवार-रविवार सकाळी रिकामाच असतो. बाईंना द्या, ठरावीक भाडं घ्या, पावती द्या." ठराव झाला. नानांनी मला फुकट काही दिलं नाही. भाडं लावलं, म्हणजे हे काम आहे हे मान्य केलं. नाना आज नाहीत. पण याच हॉलमध्ये मी शिक्षिका झाले.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पोट भरतं, पण उशिरा भरतं. मुलीला थांबवू नका, पण पदवी सोडू देऊ नका. पदवी चालू ठेवून रोज एक तास कोरियन. मालिका बघायची तर बघू दे, पण वही घेऊन. दोन वर्षांनी टोपिकची तिसरी पातळी गाठली का ते बघा. गाठली असेल तर पुढे एम.ए., बी.एड. की कंपनी, यावर आपण तिघी बसून बोलू. चहा माझ्याकडे. नाही गाठली तरी काही बुडालं नाही, एक भाषा तर आली. शिकवण्याचा प्रश्न मग तिचा तिलाच सुटेल.

आणि कमिटीला एक विनंती. रौप्यमहोत्सवानिमित्त पुढच्या कोजागरीला आपण चंद्राचा कार्यक्रम करू या, आपला आणि त्यांचाही. मसाला दूध आपलं, तांदळाचे गोळे माझ्या विद्यार्थ्यांकडून. फक्त त्या दिवशी जी मुलं मुलांना अक्षरं शिकवतील, त्यांना मानधनाचं पाकीट द्या. छोटं असलं तरी चालेल. पहिलं पाकीट माणूस विसरत नाही.

शेवटचं सांगते आणि थांबते. आपण घरातून निघताना "जातो" म्हणत नाही. "जाऊन येतो" म्हणतो. जपानी माणूस निघताना म्हणतो, "इत्ते किमासु." शब्दाला शब्द लावला तर अर्थ तोच, जाऊन येतो. घरचे म्हणतात, "इत्तेराश्शाइ", जाऊन या. पंचवीस वर्षांत आपल्या गेटमधून कितीतरी मुलं अशी गेली. कोणी जपानला, कोणी जर्मनीला, कोणी नुसतं हिंजवडीला. वॉचमन काका प्रत्येकाला हात करतात. भाषा कोणतीही शिका, मुलांनो, निघताना तेवढं "जाऊन येतो" म्हणायला विसरू नका.

गणपती बाप्पा मोरया!