सेमिनरींतील आगमनकाळ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षांत, आगमनकाळाच्या पहिल्या रविवारीं सायंकाळीं दिलेलें भाषण)



महोत्सवसमितीनें मला बोलण्याचें आमंत्रण दिलें तेव्हां विषयाची निवड माझ्यावरच सोंपविली. अशा प्रसंगीं देवळाचा इतिहास सांगावा, पूर्वजांची थोरवी गावी असा प्रघात आहे, व तो योग्यहि आहे. परंतु तें काम ह्याच व्यासपीठावरून माझ्यापेक्षां अधिक माहितगार मंडळींनीं केलें आहे. मी कित्येक वर्षें सेमिनरींत शिकवीत आलों. आपल्या घरांतून जीं मुलें धर्मगुरु होण्याच्या इच्छेनें निघतात तीं आमच्या हातीं येतात, आणि पुढें आम्ही त्यांना कोठल्या ना कोठल्या वेदीपाशीं उभें करून आपणांस परत देतों. मधल्या काळांत त्यांचें काय होतें हें विचारण्याचा आपणांस अधिकार आहे. त्या मोठ्या विषयाचा एक लहानसा तुकडा आज मी घेतला आहे: धर्मसेवेचें शिक्षण घेणाऱ्यानें आगमनकाळ कसा पाळावा.

विषय किरकोळ वाटेल. चार रविवार, जांभळीं वस्त्रें, ग्लोरिया नाहीं, वेदीवर फुलें बेताचीं, झालें. पण हिशेब करून पाहा. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें तत्त्वज्ञानाचीं दोन व ईश्वरविद्येचीं चार, अशीं निदान सहा वर्षें तर केवळ अभ्यासाचीं. पूर्वतयारीचें वर्ष व धर्मग्रामांतील प्रत्यक्ष सेवेचा काळ त्यांत मिळविला म्हणजे मुलाचे आठनऊ आगमनकाळ सेमिनरीच्या भिंतींत जातात. शिवाय तो स्वतःहि ह्या साऱ्या काळांत एका दिवसाची, गुरुदीक्षेच्या दिवसाची, वाट पाहत असतो, आणि त्याच्या घरीं त्याचे आईबाप पाहत असतात. वाट पाहणें हाच ज्याचा नित्याचा उद्योग आहे, त्याला ती कशी पाहावी हें कोणी शिकवितें काय?

खरें सांगावयाचें तर डिसेंबर महिना सेमिनरींत मोठ्या धांदलीचा असतो. परीक्षा डोक्यावर असते. इकडे गाण्यांची तालीम, तिकडे नाटकाचे पडदे, कोणी तारा बांधतो, कोणी दिव्यांच्या माळा तपासतो. शनिवारीं एका वस्तींत कार्यक्रम, रविवारीं दुसऱ्या. नाताळ येण्यापूर्वींच नाताळाचा शीण आलेला असतो, आणि पंचवीस तारखेस सकाळीं आमचे गायक घसा बसलेले असतात! आपल्या धर्मग्रामांतहि ह्याहून निराळें चित्र नसावें. पीक शेतांत हिरवें उभें असतां मुसळ घेऊन कांडपास बसावें, तसा हा प्रकार आहे. भाताची लावणी आणि कापणी ह्यांमध्यें शेतकरी कांहीं हात जोडून बसत नाहीं. बेणणी असते, बांध असतात, पाणी असतें. तें काम दिसत नाहीं, पण त्यावांचून कापणी होत नाहीं. १९६९ सालीं पूजनवर्षाची जी नवी नियमावली निघाली तिनें आगमनकाळाला भक्तियुक्त व आनंदी प्रतीक्षेचा काळ म्हटलें आहे. प्रतीक्षा हा त्यांतील मुख्य शब्द आहे. मिलानच्या अँब्रोजीय विधींत तर हा काळ सहा आठवड्यांचा असतो. आणि १५६३ सालच्या त्रेंतच्या परिषदेनें सेमिनऱ्या काढण्याचा जो हुकूम केला तो उत्साहानें अंमलांत आणणारे संत चार्ल्स बोरोमियो हे त्याच मिलानचे महागुरु होते.

हल्लीं विद्यार्थ्यांना सांगतात, आगमनकाळ कल्पकतेनें साजरा करा. उपदेश चांगला आहे, पण त्याचा अर्थ पुष्कळदां अधिक थर्माकोल आणि अधिक दिवे असा होतो. माझें मत निराळें आहे. धर्मसेवेंतील कल्पकता सजावटीपासून सुरू होत नसते. ती कोणाचा तरी प्रश्न कानीं पडण्यापासून सुरू होते. ह्याला मी दोन जुने दाखले देतों.

आगमनकाळांतील मेणबत्त्यांचें चक्र आतां सर्वत्र दिसतें. त्याचा जनक कॅथलिक नव्हता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. योहान हिन्रिख विखर्न नांवाच्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकानें १८३३ सालीं जर्मनींतील हांबुर्ग शहराजवळ निराधार व वाट चुकलेल्या मुलांसाठीं एक आश्रम काढिला. 'राउहेस हाउस' हें त्याचें नांव. मुलें लहान लहान गट करून कुटुंबासारखीं राहत, आणि प्रत्येक गटाबरोबर एक तरुण मदतनीस राही. हे मदतनीस मुलांची सेवा करतां करतांच शिक्षण घेत व पुढें तुरुंगांत, गरीब वस्त्यांत, दुसऱ्या आश्रमांत सेवेस जात. म्हणजे तीहि एका परीची सेमिनरीच होती. डिसेंबर जवळ आला कीं तेथलीं मुलें सारखीं विचारीत, नाताळ आला काय? अजून किती दिवस? ज्या पोरांना कोणी कधीं दिलेला शब्द पाळलेला नाहीं, त्यांच्या तोंडचा हा प्रश्न साधा नव्हे. सांगतात कीं १८३९ सालीं विखर्ननें एक जुनें गाडीचें चाक घेतलें, त्यावर रविवारांसाठीं मोठ्या पांढऱ्या व इतर दिवसांसाठीं लहान तांबड्या मेणबत्त्या लाविल्या, आणि रोज एक अधिक पेटवूं लागला. मुलें मोजूं लागलीं. हिरवे टहाळे त्या चाकाला पुढें आले, आणि आम्हां कॅथलिकांच्या देवळांत तें आलें तें १९२५ च्या सुमारास, कोलोन शहरांत.

आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां बाजारांतून प्लास्टिकच्या सुरूचें तयार चक्र आणिलें. मीं विचारिलें, हें कोणाच्या प्रश्नाचें उत्तर? ते हसले, पण पुढच्या वर्षीं त्यांनीं आंब्याच्या टहाळ्यांचें चक्र बांधलें. तें आठवड्याभरांत सुकतें आणि दर शनिवारीं पुन्हा बांधावें लागतें. मला तें पसंत आहे. वाट पाहणें हें पुन्हा पुन्हा बांधावेंच लागतें.

दुसरा दाखला आपल्या भाषेंतला आहे, आणि विखर्नच्याहि दोनशें वर्षें आधींचा. इंग्लंडांत जन्मलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले आणि १६१९ सालीं त्यांचा अंत झाला. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं सासष्टींतील राचोल येथें छापलें गेलें. ह्या राचोलची सेमिनरी आजहि चालू आहे. ग्रंथाच्या आरंभींच एक प्रसंग येतो. मुलांचें धर्मशिक्षण चाललें असतां एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पाद्रींना विचारतो, कीं आमचीं जुनीं पुराणें आपण बंद केलींत, मग त्यांच्या जागीं आम्हांस ऐकावयास दुसरें कांहीं कां देत नाहीं? प्रश्न अवघड होता व त्यांत एक तक्रारहि होती. पाद्रीसाहेबांनीं ती ऐकून घेतली. उत्तर म्हणून त्यांनीं ज्या लोकांनीं विचारिलें त्यांच्याच ओवीवृत्तांत सुमारें अकरा हजार ओव्या रचिल्या!

आणि त्या ग्रंथाची मांडणी पाहा. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणाचे ३६ अवस्वर, दुसऱ्याचे ५९. पहिल्या पुराणांत सृष्टीची उत्पत्ति आहे, पतन आहे, अब्राहाम, मोशे, राजे, संदेष्टे, सर्व आहेत. तारणाऱ्याचा जन्म मात्र तेथें नाहीं. त्याची वाट आहे. हजारों ओव्या श्रोत्यांना केवळ वाट पाहावयास लाविलें आहे. आजचा घाईचा वक्ता असता तर पहिल्या पांच मिनिटांत गव्हाणीपाशीं येऊन पोंचला असता. मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून आगमनकाळांत रात्रीच्या जेवणानंतर थोडा वेळ ह्या पहिल्या पुराणाचें मोठ्यानें वाचन करवितों. ते कंटाळतात. चार दिवस कंटाळतात, पांचव्या दिवशीं कोणी तरी विचारतो, फादर, ह्यानंतर काय होतें? तो विचारीपर्यंत मी अर्थ सांगत नाहीं.

आतां आगमनकाळाच्या शेवटच्या आठवड्याकडे येतों, कारण सेमिनरीच्या वर्षांतला हा सर्वांत मौल्यवान आठवडा आहे. १७ पासून २३ डिसेंबरपर्यंत सायंप्रार्थनेंत धन्य मरियेच्या स्तोत्राच्या आधीं ख्रिस्ताला रोज एका निराळ्या नांवानें हांक मारतात: ज्ञान, प्रभु, इशायाचें मूळ, दाविदाची किल्ली, उदय, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. लातिन भाषेंत ह्या सात नांवांचीं आद्याक्षरें शेवटाकडून आरंभाकडे वाचलीं तर 'एरो क्रास' असे शब्द होतात. म्हणजे 'उद्यां मी येईन'. पूर्वींच्या मठवासीयांना असल्या खेळांची हौस होती, आणि मला ती आवडते. हांक मारणाऱ्याला सात दिवस कळत नाहीं, पण त्याच्या हांकेंतच उत्तर लपलेलें असतें.

कांहीं वर्षांपूर्वीं आमचा एक विद्यार्थी दर शनिवारीं एका वृद्धाश्रमांत सेवेस जात असे. मुलगा उत्साही, गळा गोड. डिसेंबरच्या पहिल्याच शनिवारीं गिटार घेऊन गेला आणि नाताळचीं गाणीं म्हटलीं. सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. एका आजींनीं त्याला जवळ बोलाविलें व म्हणाल्या, "बाबा, गाणीं छान आहेत. पण माझा मुलगा येईल काय रे ह्या नाताळाला?" तो म्हणाला, "येईल हो आजी, नक्की येईल." निघतांना तेथल्या सेविकेनें त्याला सांगितलें कीं मुलगा आठ वर्षांत आलेला नाहीं, आणि 'नक्की येईल' असें त्यांना दर वर्षीं कोणी तरी सांगतो.

तो संध्याकाळीं माझ्या खोलींत आला. "फादर, मी खोटें बोललों," म्हणाला. "पण मग मी काय बोलायचें?" मी त्याला उत्तर दिलें नाहीं. पुढच्या शनिवारीं गिटार न नेतां जा, एवढेंच सांगितलें.

तो वही घेऊन गेला. प्रत्येकाजवळ बसून त्यानें विचारिलें, आपण कोणाची वाट पाहतां? कोणी आखातांतील मुलाच्या फोनची, कोणी डोळ्यांवरच्या शस्त्रक्रियेची. अंथरुणाला खिळलेल्या एका बाईंना एकदांच अंगणापर्यंत जावयाचें होतें. एक म्हातारबोवा म्हणाले, "मरणाची. पण सांग त्याला, घाई नाहीं." त्यानें सर्व लिहून घेतलें, आणि १७ तारखेपासून सायंप्रार्थनेच्या वेळीं, त्या त्या दिवसाच्या नांवाबरोबर, ह्यांतील एकेक प्रतीक्षा माणसाचें नांव न घेतां वाचूं लागला. दाविदाच्या किल्लीच्या दिवशीं अंगणापर्यंत जाऊं न शकणारी बाई आली. उदयाच्या दिवशीं डोळ्यांची शस्त्रक्रिया आली. शेकडों वर्षें जुनीं तीं नांवें. आम्हीं सर्वांनीं तीं त्या आठवड्यांत नव्यानें ऐकिलीं. सजावटीला त्या वर्षीं फुरसतच झाली नाहीं, आणि कोणाच्या तें लक्षांतहि आलें नाहीं. कल्पकता म्हणतात ती मला तेथें दिसली.

२४ तारखेस दुपारीं तो आजींकडे गेला. मुलगा आला नव्हता. त्यानें सांगितलें, "आजी, मागें मी तुम्हांला नक्की म्हणालों तें खोटें होतें. तो येईल कीं नाहीं मला ठाऊक नाहीं. पण आज मी थोडा वेळ बसतों." त्या म्हणाल्या, "बस." बराच वेळ दोघेंहि कांहीं बोललीं नाहींत. मग त्यांनींच त्याला पहिल्या शनिवारचें गाणें म्हणावयास सांगितलें.

हा मुलगा आतां धर्मगुरु आहे. त्याचीं प्रवचनें फार विद्वत्तापूर्ण असतात असें नाहीं, पण त्याच्या दारीं लोक जातात, असें त्याच्या धर्मग्रामांतील मंडळी सांगतात. संत फ्रान्सिसनें १२२३ सालीं ग्रेचो येथें पहिली गव्हाण मांडली तेव्हां त्यानें गवत, बैल व गाढव एवढेंच मागविलें. ज्यांना बेथलेहेम पाहावयास मिळणार नाहीं त्यांना तें डोळ्यांनीं दिसावें, एवढाच त्याचा हेतु होता. तो स्वतः दीक्षित सेवक, म्हणजे डीकन, होता. त्या रात्रीं त्यानें शुभवर्तमान गाइलें. सेवकाचें काम किती थोड्या साहित्यांत होतें!

आतां आपल्याकडे एक मागणें आहे. ह्या महोत्सवाच्या वर्षीं आमचे कांहीं विद्यार्थी १७ पासून २३ डिसेंबरपर्यंत सातहि सायंकाळीं आपल्या देवळांत येतील, अशी आपल्या धर्मगुरूंनीं परवानगी दिली आहे. तोंपर्यंत गव्हाण रिकामी ठेवावी, गवत तेवढें आणून ठेवावें. नवें भात झोडून झालें आहे, पेंढा कमी पडणार नाहीं. दारापाशीं एक टोपली राहील. आपण ज्याची वाट पाहत असाल तें एका चिठ्ठीवर लिहून तींत टाकावें. नांव लिहिण्याची जरूर नाहीं. ज्यांना लिहितां येत नाहीं, किंवा ज्यांना घराबाहेर पडवत नाहीं, त्यांच्या घरीं विद्यार्थी दुपारीं येतील व लिहून घेतील. कृपा करून त्यांना चहाफराळाचा आग्रह करूं नये. त्यांना पुष्कळ घरें जावयाचीं आहेत.