खेळाडूंची पारख



बैलबाजारात तुम्ही दात मोजता, खांदा चाचपता, चार पावले चालवूनही पाहता. तरी जनावर खरे कळते ते औताला जुंपल्यावरच. अमेरिकेत बेसबॉल म्हणून चेंडू-फळीचा खेळ आहे. तिथले धंदेवाईक संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. हा व्यवहार पाहणारा कारभारी म्हणजे जनरल मॅनेजर. (खेळाडूंना बैलांच्या रांगेत बसवले म्हणून रागावू नका, त्या काळी खेळाडूला बहुधा कोणी विचारीतही नसे.)

सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाचे कारभारी होते बिंग डिवाइन. जून १९६४ मध्ये त्यांनी अर्नी ब्रॉग्लिओ हा नावाजलेला गोलंदाज शिकागोच्या कब्ज संघाला दिला. आदल्याच वर्षी त्याने १८ सामने जिंकून दिले होते. इतरही खेळाडू इकडचे तिकडे झाले. पण मुख्य मोबदला होता लू ब्रॉक, पंचविशीतला पोरगा. फळी धरली की चारांत एकदा जेमतेम यश! शिकागोत आनंदीआनंद झाला. सेंट लुईसच्या काही खेळाडूंनीही नाके मुरडली.

मग डिवाइन यांनी पाहिले तरी काय? पोराचे पाय. ब्रॉक वाऱ्यासारखा धावे. आकडा कच्चा होता, वेग पक्का होता. नव्या संघात त्याची फळीही चालू लागली. उरलेल्या हंगामात चाराला एकाचे प्रमाण तिनाला एकाच्या वर गेले. पुढे त्याने कारकिर्दीत ९३८ वेळा प्रतिपक्षाच्या डोळ्यांदेखत धावून पुढचा टप्पा चोरला. ब्रॉग्लिओचे कोपर मात्र दुखावले. शिकागोसाठी त्याने जिंकले अवघे ७ सामने.

पण गुरुजी, शंभरपैकी शंभर गुण देण्याआधी जरा थांबा. हात त्याच वेळी दुखत होता, असे ब्रॉग्लिओने पुढे स्वतः सांगितले. म्हणजे थोडी पारख, थोडे नशीब. शिकागोच्या कारभाऱ्यांना मूर्ख ठरवणेही मला पटत नाही. समोरचा आकडा पाहून त्यांच्या जागी तुम्ही-आम्ही काय वेगळे केले असते?

आणि डिवाइन यांना काय मिळाले? संघ मागे पडला म्हणून मालक बुश यांनी ऑगस्टमध्येच त्यांना घरी बसवले! ऑक्टोबरात तोच संघ न्यूयॉर्कच्या यँकीजना हरवून अजिंक्य ठरला. त्या वर्षीचा उत्तम कारभाऱ्याचा मानही डिवाइन यांनाच मिळाला.

१९६७ च्या अखेरीस त्यांना परत बोलावले. पुढे १९७२ मध्ये पगारावरून वाद झाला आणि स्टीव्ह कार्लटन हा गोलंदाज फिलाडेल्फियाला गेला. त्या वर्षी फिलाडेल्फियाने ५९ सामने जिंकले, त्यांतले २७ एकट्या कार्लटनचे! वहीत हा व्यवहार डिवाइन यांच्या नावावर आहे. हुकूम मालकांचा होता.