परवलीचा शब्द कोणाच्या हाती द्यावा?



नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कळमेश्वर हे तालुक्याचे गाव आहे. भोवती संत्र्यांच्या बागा आणि शेजारी औद्योगिक वसाहत, असा तेथला संसार. त्या वसाहतीतील एखादा लहानसा कारखाना आपण डोळ्यांपुढे आणू. मालकांचा जमाखर्च आता चोपडीत नसून संगणकात आहे. बिल तयार झाले की हिशेबाचा प्रोग्रामच ते ई-मेलने ग्राहकाकडे धाडतो. हा प्रोग्राम मालकांनी लिहिलेला नाही, आणि ज्या कंपनीकडे त्यांची टपालपेटी आहे तिचाही तो नव्हे. तो त्रयस्थ. या त्रयस्थाने मालकांच्या नावे पत्र धाडावयाचे, तर त्याने आपला अधिकार कसा पटवावा, हा आजचा विषय. शहरातील घरांनाही तो परका नाही. गृहसंस्थेच्या वर्गणीची पावती किंवा दवाखान्याने दिलेल्या वेळेची सूचना पुष्कळदा अशाच त्रयस्थाच्या हातून निघते.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ई-मेल धाडण्याचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत पाठविणाऱ्याची ओळख मागण्याची तरतूदच नव्हती. रस्त्यावरील टपालपेटीत कोणीही पत्र टाकावे आणि पाकिटावर प्रेषक म्हणून वाटेल ते नाव लिहावे, असा तो कारभार. त्यास दोष देववत नाही. संगणक मोजके होते, आणि तेही बहुतांशी विद्यापीठांतून व प्रयोगशाळांतून. पुढे टपाल सर्वांचे झाले आणि त्याबरोबर भामटेही आले. तेव्हा डिसेंबर १९९८ मध्ये प्रेषकांची पत्रे घेण्यासाठी ५८७ क्रमांकाचे वेगळे पोर्ट, म्हणजे वेगळी खिडकी, नेमून देण्यात आली. आणि मार्च १९९९ मध्ये नाव व परवलीचा शब्द विचारून मगच पत्र स्वीकारण्याची रीत नियमबद्ध झाली.

येथेच नवी अडचण उभी राहिली. प्रोग्रामने परवलीचा शब्द मागितला, आणि लोकांनी आपल्या पेटीचा मुख्य शब्दच त्यात भरून टाकला! पाच रुपयांची भाजी आणावयास धाडलेल्या गड्याच्या हाती कुलमुखत्यारपत्र द्यावे, त्यातलाच हा प्रकार. विचार करा, त्याच पेटीत बँकेच्या सूचना येतात. दुसऱ्या कोणत्या खात्याचा शब्द विसरला तर तो बदलण्याचे पत्रही तेथेच येते. म्हणजे ही किल्ली एका खोलीची नसून किल्ल्यांच्या कपाटाची आहे. कारखान्यातील संगणक चार माणसे हाताळतात, कारकून बदलतात, जुने यंत्र विकले जाते. आणि तो शब्द आत तसाच राहतो. भामट्याने तो मिळवून मालकांच्याच पेटीतून, मालकांच्याच भाषेत, बँकेचा खातेक्रमांक तेवढा बदललेले बिल धाडले, तर ग्राहक बिचारा विश्वासाने पैसे भरून मोकळा होतो. दुसऱ्याचा परवलीचा शब्द लबाडीने वापरणाऱ्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमान्वये तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, हे खरे. परंतु गेलेले पैसे तेवढ्याने परत येत नाहीत.

या कारणास्तव गूगलने वैयक्तिक खात्यांपुरती ही रीत ३० मे २०२२ पासून बंद केली. आता दोन मार्ग उरतात. पहिला ओऑथ या नावाचा; त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. यात प्रोग्राम मालकांना टपालकंपनीच्याच पानावर नेतो, मालक तेथे आपली ओळख देतात, आणि कंपनी प्रोग्रामला 'फक्त पत्र धाडावे' एवढ्याच अधिकाराचा दाखला देऊ शकते. मुख्य शब्द प्रोग्रामच्या दृष्टीसही पडत नाही. हे खास मुखत्यारपत्र होय. केव्हाही रद्द करता येते.

परंतु पुष्कळ जुन्या प्रोग्रामांना हा मार्ग ठाऊक नसतो. त्यांच्यासाठी दुसरा मार्ग, सोळा अक्षरांचा 'अ‍ॅप पासवर्ड'. आधी खात्यास दोन टप्प्यांची पडताळणी लावावी लागते, मग हा शब्द कंपनी स्वतः घडवून देते आणि एकदाच दाखविते. याची स्तुती अंमळ जास्तच होते, असे माझे मत आहे. त्याचा अधिकार पत्र धाडण्यापुरता मर्यादित नसतो. तो ज्याच्या हाती पडेल त्यास पेटीतील टपालही वाचता येते, आणि दुसऱ्या टप्प्याची पडताळणी त्यास आड येत नाही. त्याचा खरा गुण एवढाच, की प्रत्येक प्रोग्रामास वेगळा शब्द देता येतो आणि एकाचा रद्द केला तरी दुसऱ्याचे काम अडत नाही. मुख्य शब्द बदलला की गूगल हे सर्व शब्द आपोआप रद्द करते. सबब एखाद्या सकाळी बिले जाणे थांबले, तर प्रथम हे पाहावे.

प्रोग्रामात भरावयाच्या गोष्टी थोड्याच. टपालयंत्राचे नाव, संपूर्ण ई-मेल पत्ता, तो सोळा अक्षरी शब्द, आणि पोर्ट: ५८७ घेतल्यास सोबत 'स्टार्ट-टीएलएस', ४६५ घेतल्यास आरंभापासून 'टीएलएस'. हे कुलूप लावावयाचे विसरल्यास शब्द उघड्या पोस्टकार्डासारखा प्रवास करील.

ज्यांनी आपल्या कारखान्याच्या नावाचा स्वतंत्र पत्ता घेतला आहे, त्यांस आणखी तीन गोष्टी कराव्या लागतात. 'एसपीएफ' म्हणजे आमच्या नावे कोणत्या यंत्रांनी टपाल धाडावे याची जाहीर यादी. हिशेबाचा प्रोग्राम आपल्या कंपनीच्या यंत्रांवरून पत्रे धाडत असेल, तर तीही यादीत हवीत. 'डीकेआयएम' ही प्रत्येक पत्रावरील मोहोर. आणि 'डीमार्क' म्हणजे, यादी किंवा मोहोर यांपैकी एकही पत्रावरील प्रेषकाच्या नावाशी जुळली नाही तर पत्राचे काय करावे, याची आज्ञा. फेब्रुवारी २०२४ पासून, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसास पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांस गूगलने ही तिन्ही सक्तीची केली.

ही आज्ञा प्रथमच कडक करू नये. आरंभी 'काही करू नका, अहवाल मात्र धाडा' एवढीच ठेवावी, आणि काही आठवडे ते अहवाल वाचावेत. त्यांत भामट्याच्या आधी बहुधा आपलाच एखादा विसरलेला प्रोग्राम सापडतो, जुन्या कारकुनाने कधीकाळी बसविलेला आणि अजूनही इमानाने पत्रे धाडणारा. त्यास यादीत घ्यावयाचे की निरोप द्यावयाचा, हे मालकांनी ठरवावे. आज्ञा कडक करावयाची ती त्यानंतर.