वही एक, साक्षीदार अनेक

(बोईसर येथे लघुउद्योजकांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



दिवाळीत आपण वहीपूजन करतो. ती पूजा कागदाची नव्हे, व्यवहारात दिलेल्या शब्दाची असते. मात्र आपली वही आपल्या कपाटात, समोरच्याची त्याच्या. दोन्हींत तफावत पडली की वाद उभा राहतो.

तारापूर औद्योगिक वसाहतीतील लहान कारखानदार मोठ्या कंपनीला माल देतो. २००६च्या कायद्याप्रमाणे त्याचे पैसे फार तर ४५ दिवसांत मिळावयास हवेत. प्रत्यक्षात ते अनेकदा रखडतात. कामगारांचा पगार मात्र थांबवता येत नाही. यावर उपाय म्हणून रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने ‘ट्रेड्स’ ही व्यवस्था आली. २०१७पासून तिच्या मंचांवर, खरेदीदाराने मान्य केलेल्या बिलावर बँका बोली लावतात आणि विक्रेत्याला मुदतीआधीच पैसे मिळतात.

पण सुरुवातीला मंच तीन होते. एकच बिल दोन ठिकाणी दाखवून कोणी दोनदा पैसे उचलले तर? मंच परस्परांचे स्पर्धक. आपले ग्राहक दुसऱ्याला कोण दाखवील? २०१८ मध्ये त्यांनी ब्लॉकचेनचा, म्हणजे सामाईक खातेवहीचा मार्ग स्वीकारला. बिलाच्या तपशिलातून गणिताने एक सांकेतिक ठसा तयार होतो. वहीत बिल जात नाही, केवळ ठसा जातो. वहीची प्रत प्रत्येक सहभागीकडे असल्याने मागची नोंद एकट्याला गुपचूप खोडता येत नाही. तोच ठसा पुन्हा आला की दुबार बिल उघडे पडते.

हे आपल्याला परके नाही. पंचांसमक्ष झालेला व्यवहार नाकारण्याचे धाडस गावात सहसा कोणी करीत नसे. येथे पंचांची जागा संगणकांनी घेतली आहे.

मात्र एक मर्यादा ओळखली पाहिजे. माल न पाठवताच दोघांनी संगनमताने बिल केले, तर ती खोटी नोंदही तितकीच पक्की राहते. यंत्र नोंद जपते. नियत आपणच जपावयाची असते. एकाच्या लबाडीचे व्याज दहा प्रामाणिकांना भरावे लागते, कारण बँक मग सर्वांकडेच संशयाने पाहते.

म्हणून दोन गोष्टी करू या. आपला खरेदीदार या मंचावर आहे का, हे उद्याच विचारू या. आणि वहीतील पहिली नोंद खरीच करू या. साख एकट्याची नसते, ती साऱ्या वसाहतीची असते.