हंडी मुलांनीच फोडावी



२००८ साली पुण्यात ‘रोबोकॉन’ ही आशिया-पॅसिफिक देशांतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची स्पर्धा भरली. विषय ‘गोविंदा’, म्हणजे यंत्रमानवांची दहीहंडी! शाळकरी मुलांसाठी ‘वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड’ असते. तिचा नियम स्पष्ट आहे : जोडणी आणि प्रोग्रॅम मुलांचाच, स्पर्धा सुरू असताना प्रशिक्षक बाहेर.

आपण पालकांनीही हे घरी पाळू या. प्रश्न विचारू, पण स्क्रू पिळणार नाही. यंत्र भिंतीवर आपटले, तर का आपटले ते मुलालाच शोधू देऊ. मोठ्यांनी बनवलेल्या यंत्राला ढाल मिळेलही. पण परीक्षकांनी ‘हे चालते कसे?’ विचारताच मूल गप्प होईल. त्या ढालीचा काय उपयोग?

खालचा थर आपण भक्कम धरू. हंडी मुलांनीच फोडावी.

गणपती बाप्पा मोरया!