खाट कुणाच्या बापाची?
(सीवूड्स इथं केलेलं भाषण)

दोस्तांनो, हे जे टॉवर दिसतायत ना, ते बांधणाऱ्यांत माझा चुलता होता. परांचीवरून पडला. रिक्षात घालून हॉस्पिटलात नेला. काउंटरवरचा म्हणतो, "आधी वीस हजार डिपॉझिट." चुलता कण्हतोय नि मी खिसे चाचपतोय! शेवटी चुलतीचं डोरलं सावकाराकडं गेलं.

पुढं कळलं, हॉस्पिटल धर्मादाय होतं. साला, फसलो! २००६ साली मुंबई हायकोर्टानं योजना लावून दिलीय: अशा हॉस्पिटलात १० टक्के खाटा निर्धनांना फुकट, १० टक्के दुर्बलांना सवलतीत. बाकीच्यांच्या बिलातले २ टक्के गरिबांच्या निधीत. तातडीच्या गरीब पेशंटला आधी दाखल करायचं, डिपॉझिट मागायचं नाही. ट्रस्ट म्हणून हे लोक सवलती खातात, त्याची ही वसुली आहे. दानधर्म कसला!

पण काउंटरवर हे कोण सांगणार? आपणच. पिवळं रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आजच काढून ठेवा. एकट्यानं जाऊ नका, चौघं जा. पहिला सवाल आपला: निर्धनांच्या किती खाटा रिकाम्या? नाही म्हणाले तर लिहून मागा, तो कागद घेऊन धर्मादाय आयुक्ताकडं जाऊ.

चुलता आता लंगडतो. डोरलं अजून सावकाराकडंच आहे.